सर्वविषयक फुगेवाला

कोणतंही मोठं संकट ओसरलं की आधी माणूस सावरतो, मग बाजार सावरतो आणि सगळ्यांच्या शेवटी कला सावरते, असं जाणकारांचं मत आहे. बुलढाणा जिल्ह्यानं हे मत खोडून काढलं. आमच्याकडे कला सगळ्यांत आधी सावरली. खरं म्हणजे महामारी आली केव्हा आणि गेली केव्हा, याचा आमच्या कलेनं स्वतःला पत्ताच लागू दिला नाही. इतकी दणकट प्रकृतीची कला दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असेल, असं वाटत नाही.

मी जिल्हा दृश्यकला उत्थान मंडळाचा मानद प्रसिद्धीप्रमुख आहे. (मानद म्हणजे चहा मिळतो.) आमचं मंडळ शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या परीक्षा घेतं, प्रमाणपत्रं देतं आणि वर्षातून एकदा प्रदर्शन भरवतं. महामारीनंतर दृश्यकला क्षेत्रानं कसं जुळवून घ्यावं, यावर मोठ्या शहरांत परिसंवाद झाले. तिथे म्हणे चित्रकारांनी आपापल्या एकटेपणाबद्दल भाषणं केली आणि काहींचा कंठ दाटून आला. आमच्याकडे परिसंवादाची वेळच आली नाही. त्याचं सगळं श्रेय एका माणसाला जातं, आणि तो माणूस म्हणजे भागवत सर.

भागवत सर मंडळाचे मुख्य परीक्षक. शिवाय ते स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत चित्रकलेचा क्लास चालवतात. (आपणच शिकवायचं आणि आपणच तपासायचं, यामुळे गैरसमजाला जागा राहत नाही.) त्यांच्या गावाचं नाव मंडळाच्या धोरणानुसार मला सांगता येत नाही. उंद्रीच्या पुढे गेलं की पाण्याची टाकी दिसते, तिथून आत वळायचं, इतकं सांगून ठेवतो. आजूबाजूच्या गावांतली मुलं सायकलवर त्यांच्याकडे येतात आणि 'अ' श्रेणी घेऊन परत जातात.

सरांचं कार्य समजायचं तर स्मरणचित्र म्हणजे काय, ते आधी समजून घ्यावं लागेल. परीक्षेत एक विषय देतात. जत्रा म्हणा, आठवडी बाजार म्हणा, एसटी स्टँड म्हणा. विद्यार्थ्यानं डोळ्यांनी जे पाहिलं असेल, ते आठवून काढायचं. या पद्धतीतला धोका कोणाच्याही लक्षात येईल. मुलाला काय आठवेल याचा काही भरवसा नसतो. एकदा एसटी स्टँड या विषयावर एका मुलानं ओकणारी बाई काढली होती. बाई हुबेहूब होती, पण असलं चित्र दिवाणखान्यात लावायचं कसं?

सरांनी हा धोका मुळातून उपटून टाकला. त्यांनी एक चित्र तयार केलं आणि ते मुलांकडून पाठ करून घ्यायला सुरुवात केली. मध्यभागी फुगेवाला, खांद्यावर काठी, काठीला फुगे. त्याच्या एका बाजूला कडेवर मूल घेतलेली बाई, दुसऱ्या बाजूला बोट दाखवणारी दोन पोरं, मागे झाड, कौलारू घर आणि घराच्या भिंतीला टेकवलेली सायकल. आता मुलानं जे आठवायचं ते हे चित्र. विषय काहीही येवो, तो या चित्रात बसवायचा. तो कसा बसतो, हे खालील तपशिलावरून ध्यानात येईल.

जत्रा: चित्र आहे तसंच.

आठवडी बाजार: बाईच्या कडेवर मुलाऐवजी भाजीची टोपली.

प्रजासत्ताक दिन: फुगे तिरंगी.

पूर: सगळ्यांचे पाय पाण्याखाली (पाय काढणं मुळात अवघड असल्यानं हा विषय विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे).

आजोबांचे निधन: सरांनी या विषयाचीही तयारी करून घेतली होती. फुगे पांढरे.

महामारीआधीही या रचनेचे निकाल चांगलेच होते. पण तिला जिल्हाव्यापी मान्यता मिळाली ती टाळेबंदीत. शाळा बंद झाल्या, क्लास बंद झाले, आणि सर मोबाइलवरून शिकवू लागले. मोबाइलला दोन कॅमेरे असतात. सरांनी पुढचा निवडला, कारण त्यात शिकवणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसत राहतो आणि उत्साह टिकतो. त्यांच्या मोबाइलच्या या कॅमेऱ्यात सगळं उलटं उमटतं, आरशासारखं. त्यामुळे फुगेवाल्याची काठी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर गेली. बाईचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर आला. मागच्या भिंतीला टेकवलेल्या सायकलची साखळी पलीकडच्या अंगाला गेली. मुलांनी हे सगळं मान खाली घालून उतरवून घेतलं. हाच व्हिडिओ मंडळानं नमुना उत्तर म्हणून सगळ्या परीक्षकांना पाठवला.

तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात तीच अधिकृत पद्धत आहे. डाव्या खांद्यावर पदर असलेली बाई कोणी काढली, तर परीक्षक लाल पेन्सिलीनं तिच्याभोवती गोल काढतात. परीक्षकांमध्ये सहा महिला आहेत. त्यांचे स्वतःचे पदर तपासणीच्या वेळी डाव्याच खांद्यावर असतात, पण खाजगी आयुष्य आणि कला यांची सरमिसळ करू नये, असा मंडळाचा दंडक आहे. टाळेबंदीत सरांनी चित्रात नव्यानं घातलेल्या आरोग्य केंद्राची पाटीही उलट्या अक्षरांत आली होती. मुलांनी ती तशीच्या तशी काढली. एकाही परीक्षकाला ती वाचता आली नाही, त्यामुळे एकालाही ती चूक म्हणता आली नाही.

जुळवून घेण्याच्या बाबतीत मास्कचा उल्लेख करायलाच हवा. टाळेबंदीत सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते म्हणून मुलांनी मास्कवाले चेहरे काढले. त्या दोन वर्षांत नाक आणि तोंड शिकवायचं राहून गेलं. पुढे मास्क गेले, पण नाक-तोंड काही परत आलं नाही. आज आमच्या परीक्षेत जत्रेतली माणसं मास्क लावून जिलेबी खातात. मंडळानं या प्रकाराला 'संयत मुखशैली' असं नाव दिलं असून ती आपल्या जिल्ह्याची जगाला देणगी आहे, असा ठराव सर्वानुमते मंजूर केला आहे.

तिसरी देणगी म्हणजे दुरुस्ती सुविधा. टाळेबंदीत परीक्षा घरूनच झाली आणि चित्रं मोबाइलवर आली. चुकलेलं चित्र परत पाठवून सुधारून घेणं सहज जमू लागलं. नापास कोणीच होईना. पालक खूश, मंडळ खूश. पुढे परीक्षा पुन्हा केंद्रावर होऊ लागली, तरी ही सोय काढून घेणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. आता चित्र नियमात बसत नसेल, तर परीक्षक विद्यार्थ्याला बोलावतात, शेरे वाचून दाखवतात आणि चित्र नियमात बसेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहतात. कलेची इतकी काळजी वाहणारी यंत्रणा मी तरी कुठे पाहिलेली नाही.

अशा सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत यंदा एक अडचण उभी राहिली. तिचं नाव समता.

समता भागवत सरांच्याच गल्लीत राहते, गल्लीच्या पार शेवटच्या घरात. यंदा ती दहावीला होती. अकोल्याच्या एका कलाविद्यालयात राहण्या-जेवणासकट एक जागा आमच्या मंडळाच्या शिफारशीनं भरली जाते आणि ती 'अ' श्रेणी मिळवणाऱ्या मुलींपैकी सगळ्यांत चांगला हात असलेल्या मुलीलाच मिळते. समताला ती जागा हवी होती. घरून अकोल्याचा खर्च झेपणार नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणजे ही जागा मिळाली तर चित्रकला, नाही तर गावातच काहीतरी, असा सरळ मामला होता. मुलीचा हात चांगला होता. सरही खाजगीत कबूल करायचे की हात चांगला आहे, पण वळण नाही.

समताच्या आईचं नाव सिंधूताई. त्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरून ताप, बाळंतपण, लसी यांची विचारपूस करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या. महामारीत त्यांना आणखी काम लागलं. कपाळावर धरायचं तापमापक आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन त्या दारोदार जायच्या. त्या सगळ्या आजाऱ्यांकडे जातात हे गल्लीच्या लक्षात आलं आणि गल्लीनं स्वयंस्फूर्तीनं एक उपाययोजना केली. सिंधूताईंच्या घराच्या अलीकडे रस्त्यावर एक बांबू आडवा बांधला. गल्लीत बौद्ध घर तेवढं एकच आहे, पण यात कोणी भलतंसलतं शोधू नये. तो निव्वळ आरोग्याचा विषय होता. (आजारी माणसं सगळी बांबूच्या अलीकडच्या घरांत होती, हेही नोंदवून ठेवतो.)

बांबूमुळे सिंधूताईंच्या कामात खंड पडला नाही. कोणाला धाप लागली की खिडकीतून हाक जायची. सिंधूताई बांबूखालून वाकून अलीकडे यायच्या. दार कोणी उघडत नसे. खिडकीच्या गजांतून एक बोट बाहेर यायचं. त्या बोटाला यंत्र लावायच्या, आकडा सांगायच्या, गरज असेल तर गाडी बोलवायच्या आणि पुन्हा वाकून आपल्या घरी जायच्या. महामारीच्या सबंध काळात गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही. गल्लीनं याचं श्रेय बांबूला दिलं. बांबू ज्यांच्या वावरातून आला होता त्या उकंडरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. समारंभ बांबूच्या अलीकडे असल्यामुळे सिंधूताईंना आपल्या ओट्यावरूनच तो व्यवस्थित दिसला.

उकंडराव त्याच गल्लीत राहणारे मोठे जमीनदार आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष. चित्रकलेशी त्यांचा संबंध इतकाच की त्यांच्या गोदामाच्या भिंतीवर खताची जाहिरात रंगवलेली आहे. पण अध्यक्षाला तेवढा संबंध पुरतो.

यंदा महामारीला पाच वर्षं झाली म्हणून मंडळानं स्मरणचित्राला मुद्दाम विषय दिला: 'महामारीतील माझी गल्ली'. मुलांची तयारी पक्की होती. परीक्षेला बसलेल्या, एक वगळता, यच्चयावत मुलांनी टाळेबंदीतल्या सुनसान गल्लीत फुगेवाला काढला. पोलीस कोणाला कोपऱ्यापर्यंत जाऊ देत नव्हते, त्या दिवसांत हा फुगेवाला जिल्ह्यातल्या गल्लीगल्लीत हिंडत होता, असं आमच्या उत्तरपत्रिकांवरून सिद्ध होतं. परीक्षकांनी भराभर 'अ' दिले. आणि मग समताचं चित्र हाती आलं.

मुलीनं विषय शब्दशः घेतला होता. तिनं पाहिलेलं काढलं होतं.

परीक्षकांचे शेरे असे होते. फुगेवाला अनुपस्थित. मधल्या स्त्रीचा पदर प्रचलित पद्धतीच्या विरुद्ध. ती स्त्री वाकलेली असून त्यामुळे चित्राचा तोल जातो. बांबू आडवा. खिडक्यांतल्या माणसांना नाक-तोंड आहे आणि ती ओळखू येतात. खिडक्यांतून बोटं बाहेर आली आहेत, प्रयोजन कळत नाही. एकूण चित्रात प्रसन्नतेचा अभाव.

नियमानुसार समताला दुरुस्तीसाठी बोलावण्यात आलं. सोबत सिंधूताई आल्या. सरांच्या पुढच्या खोलीत सर, अध्यक्ष उकंडराव आणि मी असे बसलो होतो. चित्र टेबलावर मांडलं होतं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. मी चिखलीला राहतो, माझी खिडकी त्यात असायचं काही कारण नव्हतं. तरीपण मी एकेक खिडकी तपासून घेतली.

सरांनी शेरे वाचले. मग चष्मा पुसून विचारलं, "समता, हे बोटं कायचे हायेत वं?"

"ऑक्सिजन पाहाचे, सर," समता म्हणाली. "दारात नोको येऊ म्हणत लोकं आईले. मंग खिडकीतून बोट काढत."

चित्रातल्या एका बोटात पुष्कराजाची अंगठी होती. तशी अंगठी पुष्कळांकडे असते. गल्लीत मात्र ती एकाच माणसाकडे आहे. सरांनी आपला हात टेबलाखाली घेतला आणि तो बैठक संपेपर्यंत तिथेच ठेवला.

उकंडरावांनी चित्र जवळ ओढलं. त्यांना आपली खिडकी सापडली होती. "हे मीच हाय न?" ते म्हणाले. "पण माह्यी खिडकी एवढुशी नाई बाप्पा. सागवानी हाय, दोन पल्ल्याची. हे तं संडासाची वाटून राह्यली." मग त्यांचं लक्ष बांबूकडे गेलं आणि ते जरा खुलले. "बांबू चांगला काढला पोरीनं. आमच्या वावरातला हाय थो."

"भाऊ, बांबू आडवा आहे, तीच तर अडचण आहे," सर म्हणाले. ते नियम सांगताना शुद्ध बोलतात. "समता, गल्लीत फुगेवाला कुठे आहे?"

"फुगेवाला आलाच नोता, सर. गल्ली बंद होती."

"फुगेवाला येत नसतो. तो काढावा लागतो," सर म्हणाले. हे वाक्य मी मंडळाच्या पुढच्या अहवालात ठळक अक्षरांत घेणार आहे.

यानंतर सरांनी दुरुस्ती समजावून सांगितली. सरांची गुणवत्ता काय आहे, ते मला त्या दिवशी कळलं. संपूर्ण चित्र नव्यानं काढायची गरज नव्हती. आडवा बांबू आहेच, त्याला फुगे बांधायचे. वाकलेली बाई आहेच, ती बांबू खांद्यावर घ्यायला वाकते आहे असं दाखवायचं, म्हणजे झाली फुगेवाली. तिच्या हातातलं यंत्र दोऱ्याच्या गुंडाळ्यात लपवायचं. खिडक्यांतल्या माणसांना मास्क लावायचे, म्हणजे ओळख पटण्याचा प्रश्न मिटला. पदर उजव्या खांद्यावर. आणि बोटं?

"बोटं राहू दे," सर म्हणाले. "फुगे आले की ती आपोआप बरोबर दिसतात. मला तो लाल दे, मला तो पिवळा दे. कोणी विचारणार नाही."

समता चित्राकडे बघत होती. मग म्हणाली, "मी नाई काढत."

"काऊन वं?" उकंडरावांनी विचारलं. ते खरोखरच चकित झाले होते. "फुगेच तं काढाचे हायेत. बाँब थोडीच काढाचे हायेत."

"माह्यी आई फुगे नोती विकत."

सरांनी शांतपणे सांगितलं की सक्ती कोणावरच नाही. चित्र आहे तसं ठेवलं तर त्याला 'क' श्रेणी मिळेल आणि मंडळ तिच्या कलास्वातंत्र्याचा पूर्ण आदर करेल. अकोल्याची जागा मात्र 'अ' वाल्या मुलीला जाईल. योगिनी नावाची एक मुलगी आहे, तिच्या फुगेवाल्याची काठी अगदी सरळ आली आहे. हे सांगताना सरांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. असं निर्मळ मन मी क्वचितच पाहिलं आहे.

तेव्हा सिंधूताई बोलल्या. तोवर त्या दाराशी उभ्याच होत्या. बसा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, पण त्यात काही विशेष नाही, खोलीत खुर्च्या मोजक्याच होत्या.

"काढ, बाई," त्या म्हणाल्या. "काढून टाक फुगे."

"आई, पण तू..."

"मले मालूम हाय माह्या हातात का होतं थे. हे चित्र या लोकायचं हाय, यायले देऊन टाक. तू अकोल्याले जाय. तिथी गेल्यावर काढजो तुले का काढाचं थे." मग त्या सरांकडे वळल्या. "सर, पेन्सिल द्या तिले."

समतानं पेन्सिल घेतली. ती रडली नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण दुरुस्तीच्या वेळी डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं तर रंग पसरतो आणि मंडळाकडे कागद कमी आहेत. तिनं एकेक फुगा काढला. फुगे सुरेख आले. सरांनी शेजारी बसून मास्क लावून घेतले, पदर फिरवून घेतला आणि शेवटी आणखी दोन खिडक्यांतून बोटं काढायला सांगितली, उठाव यावा म्हणून. उकंडरावांच्या विनंतीवरून त्यांची खिडकी दोन पल्ल्यांची करण्यात आली.

चित्राला 'अ' श्रेणी मिळाली. समताची अकोल्याची जागा पक्की झाली. मंडळानं चित्राला 'संकटातही हसरी गल्ली' असं नाव दिलं आणि यंदाच्या प्रदर्शनात ते दर्शनी भिंतीवर लावलं.

प्रदर्शन शेगावला एका लॉजच्या हॉलमध्ये भरलं. दर्शनाला आलेले भाविक कूलरच्या हवेला आत येतात, त्यामुळे आमच्या प्रदर्शनाला कधी गर्दी कमी पडत नाही. गल्लीतली मंडळी जीप करून आली. प्रत्येकानं आपापल्या खिडकीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मास्क लावूनही सगळ्यांनी स्वतःला बिनचूक ओळखलं. संयत मुखशैलीची ही ताकद आहे.

गल्लीतल्या कौशल्याबाई बराच वेळ चित्रासमोर उभ्या होत्या. म्हाताऱ्या आहेत, दम्याचा त्रास आहे. दुसऱ्या लाटेत त्यांचं बोट खिडकीतून सगळ्यांत जास्त वेळा बाहेर आलं होतं, असं मी ऐकून आहे. त्यांनी फुग्यांकडे पाहिलं, मग चेहरा उजळला.

"हाव, आठवलं मले," त्या म्हणाल्या. "येत होती न थे फुगेवाली. आमच्या नातवानं निळा घेतला होता."

"मीबी घेतला होता," मागून कोणीतरी म्हणालं.

"लॉकडाउनात कोणी नोतं येत गल्लीत. पण थे बिचारी येत होती."

बघता बघता गल्लीला सगळं आठवलं. ती कोणत्या गावची होती यावर थोडा वाद झाला. एकानं ती मेहकरकडची असल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं देऊळगाव राजाची. कोणी म्हणालं, ती पैसेसुद्धा घेत नव्हती. उकंडरावांनी असल्या बाईचा मंडळातर्फे सत्कार करायला हवा, अशी सूचना केली आणि मी ती टिपून घेतली. शोध चालू आहे.

सिंधूताई समताबरोबर आल्या होत्या आणि थोड्या बाजूला उभ्या होत्या. कौशल्याबाईंनी त्यांना हाक मारली. "सिंधू, तुह्या घराजवळूनच येत होती वं थे. तू पाह्यली असन न?"

सिंधूताईंनी चित्राकडे पाहिलं. "हाव," त्या म्हणाल्या. "बांबूखालून वाकून ये बिचारी."

"दमत असन."

"दमत असन," सिंधूताई म्हणाल्या आणि पोरीला घेऊन बसस्टँडकडे निघून गेल्या.

स्मरणचित्राची यशस्विता याहून वेगळी ती काय असते? चित्र आठवणीतून आलं पाहिजे, असा जुना नियम होता. आमच्या मंडळानं आठवणच चित्रातून आणून दाखवली. परिसंवाद भरवणाऱ्या शहरांनी आमच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आता वाचकांपैकी काही जण म्हणतील की आमच्या गल्लीत असलं काही झालं नव्हतं, बांबू तर मुळीच नव्हता. अगदी बरोबर. आमच्याही गल्लीत झालं नव्हतं. चित्र शेगावला लावलेलं आहे, खात्री करून घ्यावी.

तरीसुद्धा आपली इच्छाच असेल, तर मंडळानं वाचकांसाठी एक छोटीशी तोंडी परीक्षा ठेवली आहे. शुल्क नाही, कागद-पेन्सिल लागत नाही. डोळे मिटा. त्या दिवसांत एक बाई तुमच्या दारापर्यंत चालत आली होती, घरात किती माणसं, कोणाला ताप आहे का, एवढं विचारून पुढे गेली होती. तिचं नाव सांगा. आडनावाचा आग्रह नाही.

नाव आठवत नसेल तर तुम्ही 'अ' श्रेणीत उत्तीर्ण आहात. मनःपूर्वक अभिनंदन. आणि चुकून आठवलंच, तर घाबरून जाऊ नका. दुरुस्तीची सोय आहे.